हाराचा फोटो

"वहिनी, तुमचा हाराचा फोटो काढायचा राहिलाय," असं ते माझ्या आईला दारात उभं राहून म्हणाले तेव्हा मी चहा पीत होतो. चहा शर्टावर सांडला. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, धडधाकट, नुकतीच बाजारातून बांगडे घेऊन आलेली. आणि हा चौथ्या मजल्यावरचा माणूस, गळ्यात कॅमेरा, पायात चपला नाहीत, तिला सांगत होता की तुम्ही गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो अजून तयार नाही.

मी तसा पटकन हादरणारा माणूस आहे. ऑफिसात कुणी जोरात ड्रॉवर लावला तरी दचकतो. पण त्या दिवशी मी एकटाच हादरलो नव्हतो. समोरच्या दारातली शेजारीणसुद्धा झाडू हातात धरून तशीच उभी राहिली होती. आई मात्र शांतपणे म्हणाली, "भावजी, आधी बसा तरी. मासळी ओट्यावर ठेवते नि येते."

आमची इमारत मुलुंडची, चार मजली, बिनलिफ्टची, बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. हे काका चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन बदलापूरला. भांडुपच्या एका कारखान्यात लेथ चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर उभे राहिले, पण काकांची बोटं काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. जिन्याने जाताना कुणाच्या दाराची बिजागरी सैल दिसली तर खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढायचा आणि न विचारता आवळून पुढे जायचं, ही त्यांची रीत.

मग त्यांनी कॅमेरा घेतला. नवा, आत आरसा नसलेला, मिररलेस म्हणतात तो. इथवर ठीक होतं. पण त्याच्यासोबत आलेली लेन्स त्यांनी पहिल्याच आठवड्यात पुतण्याला देऊन टाकली, कारण ती आपोआप फोकस करायची. "माझं काम तीच करणार असेल तर मी काय नुसता हमाल?" तिच्याऐवजी त्यांनी चोरबाजार पालथा घालून जुन्या लेन्स आणल्या. एक रशियन, एक जर्मन, एक जपानी, सगळ्या भलत्याच कंपन्यांच्या, जवळपास माझ्या वयाच्या आणि हाताने गोल फिरवून फोकस करायच्या. त्या ह्या कॅमेऱ्यावर मुळात बसतच नाहीत. मधे जोडायची रिंग बाजारात तयार मिळते म्हणे, पण तयार घेतील तर ते काका कसले! ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी पितळेच्या रिंगा लेथवर स्वतः कातून काढल्या. केसाएवढा फरक पडला तर लांबचं धूसर येतं, म्हणून एकेक रिंग चार-चार वेळा कातली.

"कॅमेरा जपानचा, भिंग रशियाचं, रिंग मुलुंडची," असं ते छाती काढून सांगायचे.

अशी परकी लेन्स लावली की कॅमेऱ्याला तिचा पत्ताच लागत नाही. तो पडद्यावर लिहितो, लेन्स जोडलेली नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन त्याला समजवावं लागतं की बाबा रे, लेन्स नसली तरी फोटो काढ. ह्या प्रकारावर काका लहान मुलासारखे खूश असायचे. "ह्याला वाटतं आपण आंधळे आहोत. आणि दिसतंय बघ किती!"

तर असा तो कॅमेरा घेऊन हा माणूस इमारतीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारात जाऊन मरणाचं बोलायचा. मी एकदा चिडून विचारलंच, "काका, काय हे लोकांच्या तोंडावर? वाईट दिसतं ना."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला वर घेऊन गेले. भिंतीवर त्यांच्या थोरल्या भावाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. भाऊ हसतोय आणि त्याच्या खांद्यावर एक हात. नुसता हात. मनगटाला घड्याळ, बोटात अंगठी, कोपराच्या पुढे काही नाही.

"भाऊ गेला तेव्हा घरात त्याचा एकट्याचा धड फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून मोठा केला. हा हात कुणाचा, कुणालाच माहीत नाही. बारा वर्षं झाली, सणासुदीला मी ह्या हाताच्या पण पाया पडतोय."

मी त्या हाताकडे बघत राहिलो. हसू येत होतं आणि हसायची हिंमत होत नव्हती.

मुंबईच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. म्हणून लेन्स स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवलेल्या असायच्या, आणि इमारतीत कुणी नवे बूट आणले की खोक्यातली ती ओल शोषणारी, 'खाऊ नये' लिहिलेली पुडी काकांना नेऊन द्यायची असा दंडकच होता. पावसाळा सरला की काका लेन्स गच्चीवर उन्हाला घालायचे. एका ऑक्टोबरात त्यांनी रशियन लेन्स रिंगसकट गरम भांडी ठेवायच्या तारेच्या स्टँडवर उभी केली, आणि तो स्टँड ठेवला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उन्हाला टाकलेल्या गादीवर. सपाट जागा तेवढीच मोकळी होती म्हणे. दहा मिनिटांत गादीतून धूर. काकू किंचाळत वर पळाल्या, मागून आम्ही बादल्या घेऊन. गादीला रुपयाएवढं काळं भोक पडलेलं आणि काका त्याच्यापाशी गुडघ्यावर बसून पट्टीने काहीतरी मोजतायत.

"अहो, घर जाळाल की एक दिवस! डोकं फिरलंय काय तुमचं?" काकू ओरडल्या.

काकांनी वर पाहिलं. चेहरा आनंदाने फुललेला. "वहिनी, सूर्य एवढा लांब, पण बघा, रिंगेखाली हव्या तेवढ्याच अंतरावर बरोब्बर एका टिंबावर आलाय. म्हणजे रिंग चुकलेली नाही!"

त्यांनी काकूंना नवी गादी भरून दिली, तो भाग वेगळा. पण जळक्या भोकाकडे बघून खूश होणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटी सेक्रेटरींनी खाली बोर्डावर सूचना लावली: 'सोसायटीच्या आवारात मरणाच्या फोटोंचा प्रचार करू नये.' काकांनी चष्मा लावून ती नीट वाचली आणि सेक्रेटरींच्याच दाराची बेल वाजवली. "तुमच्या वडिलांचा राहिलाय," म्हणाले. सेक्रेटरी भयंकर भडकले. पण आतून नव्वदीचे आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "काढ रे. मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

ते आजोबा त्याच थंडीत गेले. तेराव्याला आम्ही सगळे गेलो आणि दारातच थबकलो. खुर्चीवर ठेवलेल्या फोटोतून आजोबा असे बघत होते की आता काठी आपटून "चपला बाहेर काढा" म्हणतील. सेक्रेटरी त्या फोटोसमोर हमसून हमसून रडले. त्यांना इतकं रडताना पाहून मीही रडलो, तसं माझं आजोबांशी फार बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्याच्या जिन्यावर बायका रांगेत उभ्या. ठेवणीतल्या साड्या, केसात गजरे, आणि कारण काय, तर हाराचा फोटो! ऑफिसला जाताना त्या रांगेतून वाट काढत मला खाली उतरावं लागलं.

काकांचा फोटो म्हणजे दोन मिनिटांचं काम नव्हे. कॅमेऱ्याला स्टँड लावायचे नाहीत. समोर बसायचे, लेन्सची रिंग तसूतसूने फिरवायचे, स्वतः पुढेमागे डुलायचे, श्वास रोखायचे, परत सोडायचे. अर्धा तास कुठेच जायचा नाही. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "माणूस आधी हसतो, मग अवघडतो, मग चिडतो आणि मग विसरतो. विसरला की मी काढतो. घाई असेल तर मोबाइल आहे की घरोघरी." आणि काढलेला फोटो त्याच वेळी कधीच दाखवायचे नाहीत. घरी जाऊन, हातपाय धुऊन, मगच स्वतः बघणार.

आईला त्यांच्याकडून फोटो हवा होता, आणि मला तो नको होता. ही आमच्या घरातली दोन महिन्यांची लढाई.

"आई, अशुभ बोलू नको," मी म्हणायचो.

"अशुभ कसला त्यात? माका माझो एकटीचो एक फोटो होयो," आई म्हणायची. रागावली की ती मालवणीत जायची. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घरातल्या सगळ्या फोटोंत आई आहे, पण कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन, नाहीतर वाढताना, नाहीतर कडेला अर्धी. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेत. आधार कार्डावर तर ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. तिला ह्या जन्मात एक फोटो हवा होता ज्यात ती कुणाचं काही करत नाहीये.

एका रविवारी संध्याकाळी मी हरलो. आई जांभळी साडी नेसून खिडकीशी बसली. नेमका त्या दिवशी कांजूरच्या कचरा डेपोचा वास सुटला होता. अशा वेळी सगळं मुलुंड खिडक्या लावून घेतं. काकांना उजेड हवा होता, त्यांनी खिडकी सताड उघडली. आधी त्यांनी मोठी जर्मन लेन्स लावली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून पाहिलं, पण आमची खोली एवढीशी, जमेना. मग रशियन लावली. आई नाक न मुरडता चाळीस मिनिटं बसली. मी नाकाला रुमाल लावून मोबाइल बघत होतो. एकदा मान वर केली तर आई कुठेतरी हरवून स्वस्थ बसली होती आणि काका तिच्याकडे बघत डुलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. काका दारात. चेहरा पांढराफटक.

"सगळे हललेत," ते म्हणाले. "एकूण एक."

मला आधी कळेना. मग त्यांनी अडखळत सांगितलं. आपला हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेरा आतल्या आत तो सावरून घेतो. पण परकी लेन्स त्याला ओळखता येत नाही, म्हणून कुठली लावलीय त्याचा आकडा आपण हाताने भरायचा असतो. जर्मन लेन्सचा आकडा एकशे पस्तीस, रशियनचा अठ्ठावन्न. लेन्स बदलली आणि आकडा बदलायचा राहिला. कॅमेरा चुकीच्या हिशोबाने सावरत राहिला आणि त्यानेच आईचा चेहरा फिसकटून टाकला. लेथवर उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीचं माप लावलं नसेल, आणि ही चूक झाली.

"आत्ता उजेड बरा आहे. अर्धा तास दे मला. वहिनींना बोलव."

मला आठ तेराची गाडी होती. आणि खरं सांगायचं तर, मनातून मला थोडं हायसंच वाटलं. मी म्हणालो, "काका, आता पुरे. पुढे बघू कधीतरी." आणि दार लावलं.

"कोण होतं रे?" आईने आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

गुरुवारी आई बाथरूममध्ये पडली. मेंदूत रक्ताची गुठळी. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली होती. ओठांचा कोपरा वाकडा, डावा डोळा अर्धा मिटलेला. ती काहीतरी म्हणत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. तीन आठवड्यांनी घरी आली, हळूहळू बोलायला लागली, पण चेहरा काही पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं सुधारलं हेच नशीब.

काका आमच्याकडे फिरकले नाहीत. त्यांनी फोटो काढणंच बंद केलं. जिन्यात जो भेटेल त्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, थांबवून सांगायचे, "माझ्या हातून एकशे पस्तीस राहिलं हो." दूधवाला बिचारा मान हलवून वर जायचा. मी त्यांना एकदाही सांगितलं नाही की चूक तुमची एकट्याची नाही, त्या सोमवारी दार तर मी लावलं होतं. सांगायला हवं होतं.

मग एके दिवशी आई म्हणाली, "तेंका बोलव. फोटो काढूक."

"आई, आत्ता? जरा बरी हो, मग बघू."

"होवची होती तितकी बरी झालंय," ती म्हणाली.

काका आले आणि मी त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघतच राहिलो. त्याच्यावर नवीकोरी लेन्स होती. कॅमेऱ्याच्याच कंपनीची, आपोआप फोकस करणारी. हमाल व्हायचं नाही म्हणून ज्याने तसली लेन्स घरातून घालवली, त्या माणसाने नाक्यावरच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून मागून आणली होती.

"आता चूक नको," ते माझी नजर चुकवत म्हणाले.

कॅमेरा पिकपिक वाजला, पडद्यावर आईच्या डोळ्याभोवती हिरवी चौकट आली, दहाबारा फोटो, चार मिनिटांत काम संपलं. एवढंच नाही, त्यांनी लगेच पडदा आईसमोर धरला. पापणीन् पापणी स्पष्ट होती. चुकायला जागाच नव्हती.

आईने पाहिलं आणि उजव्या हाताने कॅमेरा बाजूला केला.

"ह्यां नको. तां जुनां घेवन येवा."

"वहिनी, पुन्हा चुकलं तर?"

"चुकलां तर चुकांदे."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी आईला समजवायला गेलो की हाच चांगला आलाय, बघ तरी. तर ती माझ्यावरच उसळली. शब्द ओठातून नीट सुटत नव्हते, पण कळायचं ते सगळं कळलं. "त्या दिवसा चाळीस मिनिटां ते माझ्याकडे बगत होते. एवढो वेळ माझ्याकडे कोण बगता? तू बगतस?"

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. काका केव्हाच वर गेले होते. धापा टाकत लेन्सचा डबा घेऊनच खाली आले.

आई आज आहे. काठी घेऊन चालते, माझ्यावर ओरडतेही. त्या दिवशीचा फोटो बिनहाराचा भिंतीवर आहे आणि ती त्याच्याखालीच बसून भाजी निवडते. इमारत पाडायला काढली तेव्हा काका लेकीकडे बदलापूरला गेले, आणि पत्ता असूनही मी अजून त्यांना भेटायला गेलेलो नाही. पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलंय.

काकांनी रशियन लेन्स लावली, आकडा भरला आणि पडदा माझ्यापुढे धरला. "वाच. मोठ्याने."

"अठ्ठावन्न," मी वाचलं.

"परत वाच."

"अठ्ठावन्न, काका."

मग ते आईसमोर बसले. रिंग फिरवू लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ह्या वेळी मी मोबाइल काढला नाही. आई आधी वाकडं हसली, मग अवघडली. काका पुटपुटले, "तिळावर फोकस धरला की झालं. मागल्या वेळी पण त्याच्यावरच धरला होता."

"कुठला तीळ?" मी विचारलं.

काकांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भयंकर बोललोय. मग कॅमेरा माझ्या हातात दिला. "बघ. मोठं करून ठेवलंय. रिंग हळू फिरव."

मी डोळा लावला. सगळं धूसर होतं. रिंग फिरवली, थोडी जास्त झाली, परत मागे घेतली. आणि आईचा उजवा डोळा एकदम स्पष्ट झाला. बुबुळाच्या खालच्या कडेला एक तपकिरी तीळ. चांगला तिळाएवढाच, न दिसण्यासारखा अजिबात नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचा. तिच्याच हातचं खाऊन, तिच्याच समोर बसून मोठा झालो. हॉस्पिटलात तीन आठवडे तिच्या उशाशी होतो. हातातला कॅमेरा मला एकदम जड झाला.

"आई," मी म्हणालो, "तुझ्या डोळ्यात हा तीळ केव्हापासून आहे गं?"

आई माझ्याकडे बघत होती.

"तू जन्माक येवच्या आदीपासून," ती म्हणाली.